सोनमची बाय आणि रक्ताळलेलं लिंबू

हरिबा भगतानं लिंबू कापलं, त्यातनं लालभडक रगात आलं, आणि देवळापुढची गर्दी घाबरून अशी मागं सरकली की मागचे चौघं पेटत्या धुनीत बसले. बसले तसे बोंबलत उठले. लोकांना वाटलं, त्यांच्याबी अंगात आलं!

"बघा, पोरीच्या आत भुताची बाय बसलीया!" हरिबानं चाबूक फिरवला. "मनगटाच्या गाठी तिच्याच. छातीवर उठलेली गाठींची माळ तिचीच. डोक्याला घाम येतोय, त्योबी तिचाच!"

तीन वर्षांची सोनम आईच्या, हरणाबाईच्या कडेवर किंचाळत होती. पाय विळ्यासारखे वाकलेले. पोर अजून धड चालत नव्हती. उन्हात सावली पडते, सावली धरून बाय अंगात शिरते, असं हरिबानंच मागं सांगितलं होतं. तेव्हापासनं पोर अंधाऱ्या खोलीत. घरची कोकरं दिवसभर उन्हात लोळायची, लेकरू तेवढं कोंडलेलं.

पहिला फटका हरणाबाईच्या पाठीवर वळ उठवून गेला. दुसरा सासऱ्याच्या, बिराप्पाच्या कानशिलात. पटका उडाला.

"बाय हिकडं पळाली!" म्हणत हरिबानं तिथंच तिसरा हाणला.

"आरं, बाय न्हाई रं, मी हाय!"

"आसंच म्हणती ती! धरा रं पोरीला, पाय वढून सरळ करूया!"

दोन गडी पुढं आले. हरणाबाईनं पोरीला छातीशी आवळलं आणि एकाच्या हाताला कडकडून चावली. तेवढ्यात अंगणवाडीत पोरं तपासायला आलेल्या डॉक्टर सुमैरा गर्दीतनं घुसल्या.

"सोडा! हाडं मऊ झालीत, ओढली तर मोडतील. हा मुडदूस आहे. उन्हातनं मिळणारं ड जीवनसत्त्व कमी पडलंय. गाठी, छातीवरची माळ, सगळी हाडंच आहेत ती."

"आन् लिंबातलं रगात?" बिराप्पानं गाल चोळत विचारलं.

"ताई, तुमच्या घरच्या विळीनं कापा बघू."

हरणाबाईनं विळी आणून लिंबू कापलं. साधा रस. सुमैरांनी तेच लिंबू हरिबाच्या सुरीवर पिळलं, तर पातं लालेलाल.

"पात्यावर जास्वंदीचा रस वाळवलाय. आंबट लागलं की तो लाल होतो."

हरिबानं चाबूक डॉक्टरवर उगारला. हरणाबाईनं शेंडा पकडून हिसडा दिला. हरिबा तोंडावर आपटला, दात धुळीत. मगापर्यंत त्याच्या पाया पडणारेच आता त्याच्यावर तुटून पडले.

"मारू नका!" सुमैरा ओरडल्या. "पोलिसांना बोलवा. आणि आधी पोरीसाठी गाडी!"

साताऱ्यात रक्त तपासलं, हाडांचे फोटो काढले, औषध सुरू झालं. ऊन, अंडं, दूधही सांगितलं. पाय एका रात्रीत सरळ झाले नाहीत, पण काही महिन्यांनी सोनम भिंत सोडून चार पावलं टाकत आली आणि आईच्या मांडीवर पडली.

हरणाबाई आता भेटेल त्या आईला अडवते. "पोर चालंना, पाय वाकल्यात, मनगटं जाड दिसत्यात, तर डागदराला दाखव. औषध आपल्या मनानं पाजू नगं, इचारून दे. आन् मार खाऊन बाय पळती आसं कुणी सांगितलं, तर त्याला म्हणावं, आधी स्वतः खाऊन बघ."