परत लावायचे शेंडे

बुधवारी सकाळी मी नेहमीप्रमाणे बर्नाडीनच्या दारात ट्रक उभा केला आणि हॉर्न दिला. ती पायरीवर बसली होती. मांडीवर रोजची घोंगडी नव्हती, पहार होती.

"ही काय, नर्सच्या डोक्यात घालायला घेतलीस?" मी विचारलं.

"आज शहरात नाही जायचं. टेकडीवर जायचं. वारा सुटलाय."

आठवड्यातून तीनदा मी तिला साठ मैलांवरच्या शहरात नेत होते. तिथे चार तास मशीनला जोडून तिचं रक्त धुवायचे. दोन वर्षं झाली होती या येण्याजाण्याला. तिची मुलगी डेन्व्हरला असते, ती फोनवर रडते. रडणं फोनवरून होतं, नेणं-आणणं होत नाही.

मला सहा मुलं, चौदा नातवंडं. माझ्या घरात मी ताटावर बसल्याशिवाय कुणी घास उचलत नाही. पंचायतीतली माणसंसुद्धा मला बघून खुर्ची पुढे करतात. मला "गप बस" म्हणणारी बर्नाडीन एकटीच. मिशनच्या शाळेत आमच्या खाटा शेजारी होत्या. चौथीत दोघी एकाच दिवशी पळून आलो, त्यानंतर पाटीला हात लावला नाही. आपल्या लाकोटा बोलीत मनसोक्त भांडावं तर तिच्याशीच. माझ्या मुलांना त्या बोलीत जेवायला मागता येतं आणि शिव्या देता येतात, पुढे काही नाही.

वाऱ्याचं तिचं म्हणणं खोटं नव्हतं. जूनच्या शेवटी टिंप्सिला, आमचा रानकंद, पिकतो. कंद अंड्याएवढा, हातभर खोल. पण पिकला की वरचा शेंडा जमिनीलगत मोडतो आणि वाऱ्यावर घरंगळत निघतो, वाटेत बी सांडतो. कंद खालीच राहतो आणि वर खूण उरत नाही. मग पुढच्या उन्हाळ्यापर्यंत बसा शोधत.

"आज टेकडी, उद्या मशीन," मी म्हटलं. "शब्द दे."

"दिला. तू तुरुंगावर नोकरीला लागायला हवी होतीस."

मी शहरात फोन केला. नर्स कुरकुरली, पण गुरुवारची वेळ दिली. शुक्रवारची पाळी रद्द, पुढची सोमवारी, असं तिनं दोनदा बजावलं.

टेकडीवर बर्नाडीन ट्रकमधून उतरली नाही. पाय सुजून खांबासारखे झाले होते. काच खाली करून तिथूनच ती हुकूम सोडत होती. बोट दाखवणं आमच्यात बरं दिसत नाही, आम्ही ओठ पुढे काढून दिशा दाखवतो.

"तिकडे."

"तिकडे म्हणजे कुठे? ओठ उगवतीला, डोळे मावळतीला."

"माझं कळत नसेल तर झाडाला विचार. त्याचे हात कुठे चाललेत बघ."

टिंप्सिलाच्या फांद्या आपल्या पुढच्या भावंडाकडे हात करतात, असं आमच्या म्हाताऱ्या सांगत आल्या. मी पहिलं झाड गाठलं आणि चिमूटभर तंबाखू बुंध्याशी टाकला.

"कोंबड्यांना दाणे टाकल्यासारखा टाकू नकोस," मागून आवाज आला. "बोल त्याच्याशी."

"काय बोलू?"

"नाव सांग. कुणाची मुलगी ते सांग. मग कशासाठी हवंय ते सांग. परक्याच्या घरात शिरल्यावर सांगतेस ना? हे तर आपल्याच माणसाचं घर."

"कशासाठी हवंय?"

"बर्नाडीनला रस्सा खायचाय म्हणावं."

"डॉक्टरनं कंद बंद केलेत तुला."

"म्हणून तर."

मी नाव सांगितलं, आईचं नाव सांगितलं, पहार घातली. पहिला कंद निघाला. त्याचा केसाळ शेंडा मोडून हातात धरला, तेवढ्यात ती म्हणाली, "आर्डिस, उद्या येईन मी. शब्द दिलाय. पण उद्यानंतर नाही."

"काय नाही?"

"मशीन. पुरे झालं."

मी वळून बघितलं नाही. दुसऱ्या झाडाकडे गेले, मग तिसऱ्या. तंबाखूचा विसर पडला. पहार अशी मारत सुटले की जणू टेकडीनंच माझं काही वाकडं केलं होतं. ती मागून काहीतरी बोलत होती, मी ऐकलं नाही. चौदा कंद काढले. माझी नातवंडंही तितकीच, हे नंतर लक्षात आलं. खड्डे तसेच उघडे टाकले. कंद पोत्यात आणि शेंडे ट्रकच्या हौद्यात, जुन्या लाकडांवर फेकले आणि गाडी सुरू केली.

खालच्या वळणावर तिनं मागं वळून पाहिलं.

"शेंडे इकडे का आहेत?"

मी गिअर बदलला. शेंडा त्याच खड्ड्यात परत ठेवायचा असतो, बी खाली करून, वर माती दाबून. आमच्यात पाच वर्षांच्या पोरीला हे माहीत असतं. मी अडुसष्ट वर्षांची.

"फिरव गाडी."

"तुझं तोंड बघ आरशात. राखेसारखं झालंय. उद्या लावू."

"उद्या तू मला शहरात नेणार."

"मग परवा."

ती खिडकीबाहेर बघत राहिली. बर्नाडीन गप्प बसली की ट्रकचा प्रत्येक खिळा ऐकू येतो.

गुरुवारी ती शब्दाप्रमाणे आली, चार तास पडून राहिली. उतरताना म्हणाली, "सोमवारी ये. न्यायला नको येऊस. नुसती ये."

"माझा ट्रक सोमवारी शहरातच जातो."

"मग ट्रकला जाऊ दे."

मला वाटलं, हॉर्न ऐकला की उठेल. दोन वर्षं उठली होती. सोमवारी मी हॉर्न दिला. पडदा हलला, दार उघडलं नाही. दुसऱ्यांदा दिला, कुत्री भुंकली. आता मी खाली उतरून दार वाजवणं म्हणजे हरणं. मी गिअर टाकला आणि निघाले. शहराकडेच.

साठ मैल शेजारची सीट रिकामी. तिची घोंगडी नाही, खोकला नाही. "तो बघ ससाणा, तुझ्या धाकट्या जावयासारखा मान फिरवतोय," असं कुणी म्हणालं नाही. ससाणा मात्र होता, तारेवर.

मी आत जाऊन नेहमीच्या खुर्चीवर बसले. नर्स आली. "बर्नाडीन कुठे?"

"येतेय."

तासाभरानं ती पुन्हा आली, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं नाही. मी चार तास बसले. निम्म्यात उठायचं होतं तर निघाले कशाला होते? दुपारी बिस्किटांचा पुडा दिला तिनं, पेशंटला देतात तो. मी खाल्ला.

परत आले तेव्हा बर्नाडीन पायरीवर होती. कंद सोलून पांढरे केलेले, पुढ्यात पसरलेले. शेपट्या एकमेकींत गुंफून ती वेणी घालत होती, मोठे कंद खाली, लहान वर. बोटं सुजलेली, त्यामुळे दर पेडाला थांबत होती.

"काय मश्के, आलीस रक्त धुऊन?" मश्के म्हणजे बाईनं मैत्रिणीला मारायची हाक.

"आले. डॉक्टर म्हणाला बाकी सगळं स्वच्छ निघालं, जीभ तेवढी राहिली."

ती हसली. हसता हसता खोकला लागला, मग डोळे पुसले. मी तिच्या शेजारी टेकले, सुरी घेतली आणि उरलेला एक कंद सोलायला लागले. पुन्हा मशीनचं नाव काढलं नाही, मी नाही आणि तिनंही नाही.

"शेंडे?" थोड्या वेळानं तिनं विचारलं.

"ट्रकमध्ये."

"म्हणजे शहर बघून आले बिचारे."

"उद्या दोघी जाऊन लावू."

"मी आता या पायरीच्या पुढे येत नाही. तू जा."

"जाईन."

गेले नाही. रोज तिच्याकडे जात होते, टेकडीकडे नाही. वाळवलेल्या मांसात कंद घालून रस्सा केला. तिनं दोन चमचे घेतले आणि मीठ कमी आहे म्हणाली. रोज उठून विचारायची, "लावलेस?" मी म्हणायची, "गुडघा दुखतोय." "ढोंगी," ती म्हणायची. रोज हेच. शेंडे लावून टाकले असते तर उद्या तिनं मला कशावरून बोलायचं? मी मनात हे असंच मांडून ठेवलं होतं. शेवटी शेवटी ती जास्त झोपायची, उठली की आधी तेच विचारायची.

नवव्या दिवशी तिनं विचारलं नाही.

मुलगी आली. माणसं जमली, गाणी झाली, तिच्या आवडीचं ताट बाहेर तिच्यासाठी ठेवलं. मी माझे केस कापले, सुतकात कापतात तसे. जेवणं झाल्यावर सगळे उरलेलं बादल्यांत भरून आपापल्या घरी गेले, रीतच आहे. मलाही एक बादली दिली. मी ती स्वयंपाकघरात ठेवली आणि झाकण उघडलं नाही. मुलं-नातवंडं भोवती बसली होती, सगळी "आजी, हे हवं का, ते हवं का." त्यांच्यात मी अशी बसले होते की जणू कुणाच्या तरी दुसऱ्याच आजीच्या जागेवर.

दुसऱ्या दिवशी टेकडीवर गेले, ट्रक त्याच जागी उभा केला. हौद्यात पाहिलं तर शेंडे चारच उरले होते, जादा चाकाखाली अडकलेले. बाकीचे शहराच्या रस्त्यावर कुठे कुठे उडून गेले होते, वाऱ्याला माहीत.

खड्डे होते तसेच होते, चौदा तोंडं उघडी. मी चारांत शेंडे ठेवले, बी खाली करून. दहा नुसत्या मातीनं भरले. शेवटचा दाबताना आठवलं की त्या दिवशी तंबाखू एकालाच दिला होता. मग सगळ्यांना दिला. नाव सांगितलं, आईचं नाव सांगितलं. कशासाठी आले ते सांगायचं होतं, तिथे अडले. आमच्या बोलीत ते मला सुचलं असतं, पण ऐकून "चुकलीस" म्हणणारी नव्हती.

गुडघा खरंच दुखत होता. ट्रकपाशी आले आणि माझ्या बाजूनं न चढता तिच्या बाजूनं चढले. तिच्या सीटवर बसले. काच खालीच होती, तिनं केलेली.

तिथून आणखी तीन टिंप्सिला दिसले. अजून मोडले नव्हते, उतारावर एकामागे एक, हात पुढे करून. त्या दिवशी ती मागून काय सांगत होती ते आता कळलं. मी खणत होते तिथून ते दिसतच नव्हते, इथूनच दिसत होते. सगळ्यांत पुढच्याचा हात ट्रककडे होता.

पहार मागे होती. मी ती घेतली नाही. वारा त्यांना हलवत होता, मी बघत बसले. बराच वेळ बसले असेन. मग निघायचं तर झालंच, पण तिच्या जागेवरून गाडी चालवता येत नाही. उतरून, वळसा घालून, पुन्हा माझ्या जागेवर यावं लागलं.