सदतीस रोपं

दाणे ओल्या कागदात ठेवल्याच्या आठव्या दिवशी सकाळी, बियाणं तपासणीच्या प्रयोगशाळेत मी कागदाच्या आठ गुंडाळ्या उघडल्या. प्रत्येकीत सोयाबीनचे पन्नास दाणे, एकूण चारशे. निरोगी रोपं दोनशे त्रेसष्ट. न उगवलेले दाणे अठ्ठ्याहत्तर. वाकडी, तुटकी रोपं बावीस. उरली सदतीस.

त्या सदतिसांच्या मुळांवर तपकिरी बुरशी होती. बुरशी त्याच दाण्यातून आली असेल तर रोप बाद; शेजारच्या सडक्या दाण्याची लागली असेल तर रोप चांगलं धरायचं, असा नियम. ओल्या कागदात मुळं एकमेकांत गुंतली होती. कुणाची बुरशी कुणाला लागली, ते भिंगाखालीही कळेना. बियाणं पास व्हायला दोनशे ऐंशी निरोगी रोपं लागतात. म्हणजे या सदतिसांतली सतरा तरी चांगली ठरायला हवीत.

बियाणं उटनूरकडच्या एका महिला बचत गटाचं, बेचाळीस पोती. पास झालं तर गावातच पेरायला विकलं जाणार, नापास झालं तर तेलाच्या गिरणीत. गटाच्या अध्यक्ष जयवंताबाई सकाळपासून बाकावर बसून होत्या.

"काय निकाल?"

"मावशी, अजून सांगता येत नाही."

"काऊन? आमी घरी ओल्या बारदानावर शंभर दाने ठिवले. ब्याऐंशी उगवले. आमाले मोजता येते."

"उगवले असतील. पण त्यातली किती रोपं जगतील..."

"कोन्त्या शाळेत शिकली वं तू? उगवलं ते उगवलं!"

आवाज ऐकून प्रयोगशाळेचे प्रमुख उद्धवराव बाहेर आले. मी त्यांना ट्रे दाखवला.

"शंका हाये ना? मंग नापास लिही. शेतात उगवलं नाही त लोक आपल्या दारात येतात. गिरनीत गेलं त कोनी विचारत नाही."

"सर, नापास करायलाही पुरावा नाही."

"दोन महिने नाही झाले तुले येऊन, अन् मले पुरावे शिकवून राह्यली?"

"वाळूत पुन्हा लावते. दाणे लांब लांब. एकाची बुरशी दुसऱ्याला लागणार नाही."

"किती दिस?" जयवंताबाईंनी विचारलं.

"आठ."

त्या उठून उभ्या राहिल्या. "तवर गाव पेरून मोकळं होते! याच्यापरीस नापास केलं असतं त बरं होतं. दुश्मन कोन ते तरी कळलं असतं."

उद्धवराव हसले. रजिस्टर माझ्यापुढे सरकवत म्हणाले, "घ्या शास्त्रज्ञबाई, तुमच्या सहीनं. काही झालं त माझ्याकडं यायचं नाही."

मी लिहिलं: बुरशी कुठून आली ते ठरवता आलं नाही, वाळूत फेरतपासणी. सही केली. त्याच नमुन्यातले आणखी चारशे दाणे मोजून, बुरशी मरावी म्हणून आधीच भाजून थंड केलेल्या वाळूत दोन-दोन बोटांच्या अंतरावर लावले. उद्धवराव त्या आठवड्यात माझ्याशी बोलले नाहीत.

सहाव्या दिवशी जयवंताबाईंचा फोन आला.

"चोवीस पोत्यांची गिऱ्हाइकं दुकानातून बी घेऊन आली. आमच्याकडं अठराचीच राह्यली. गावात तुझं नाव निंगालं, चांगलं नाही निंगालं."

"मावशी, फक्त दोन दिवस..."

फोन कटला.

आठव्या दिवशी मी वाळूतून रोपं उपटून मोजली. वाकडी, तुटकी एकोणतीस. न उगवलेले दाणे बासष्ट. निरोगी तीनशे नऊ. उगवण सत्त्याहत्तर टक्के; पास व्हायला सत्तर पुरतात.