शपथेचं दुसरं कार्ड

"देवाला स्मरून मला नाही सांगता येणार," संन्यासी म्हणाला.

मी शपथेचं कार्ड त्याच्यापुढे धरून तसाच उभा राहिलो. मुंडण केलेलं डोकं, अंगावर एक जाडंभरडं वस्त्र, पाय अनवाणी. या माणसाला देव चालत नाही, तर मग चालतो तरी कोणाला? साक्षही किरकोळ होती, मठाच्या कुंपणाला कुणाची तरी गाडी घासल्याची. न्यायाधीशबाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"त्यांना दुसरं कार्ड द्या."

दुसरं कार्ड खणाच्या तळाशी होतं. त्यात देव नाही. खरं सांगेन, अशी नुसती गंभीर प्रतिज्ञा आहे. बावीस वर्षं मी कोर्टात साक्षीदारांना शपथ देतोय. पहिलं कार्ड हाताळून हाताळून चार वेळा बदलावं लागलं, दुसरं अजून कोरं करकरीत. कारण सरळ आहे. कोणाला काही विचारायचंच नाही, साक्षीदार आला की पहिलं कार्ड पुढे करायचं, ही माझी पद्धत. गंमत म्हणजे माझा स्वतःचा देवावर विश्वास नाही. पण तसं बोलून दाखवायची वेळ कधी आली नव्हती, घरीसुद्धा.

मधल्या सुट्टीत तो व्हरांड्यातल्या नळावर पाणी पीत होता. मला राहवेना.

"तुमच्यात देवच नाही?"

"नाही."

"मग घरदार सोडलंत ते कोणासाठी?"

"कोणासाठी कशाला? माझं मलाच बघायचं होतं."

"आणि आत खोटं बोलला असतात तर? वरून बघणारं तर कोणी नाही."

तो हसला. "मी होतो की तिथे. मला कुठे उठून बाहेर जाता येतं?"

उत्तर मला आवडलं, पण ते अगदी नको त्या वेळी आलं. कारण गुरुवारी शेजारच्या दालनात मला स्वतःलाच साक्ष द्यायची होती.

खटला माझ्या मेहुण्यावर होता. बायकोचा हा धाकटा भाऊ मालाची व्हॅन चालवतो. अपघात झाला तेव्हा मी त्याच्या शेजारी बसलो होतो. तो फोनमध्ये काहीतरी बघत होता आणि पुढे सायकल होती. सायकलवरच्या शिक्षिकेचा पाय गुडघ्याखालून कापावा लागला. मेहुण्याचं म्हणणं, सायकल अचानक आडवी आली. मी खरं बोललो तर त्याचं लायसन्स जाणार, कदाचित तुरुंगही. आणि त्याला गाडी चालवण्याखेरीज दुसरं काहीच येत नाही.

"तुम्ही एवढंच म्हणा, माझं लक्ष नव्हतं," बायको म्हणाली.

"शपथ घेऊन?"

"देवाचं मी बघते. मी त्याला सगळं सांगितलंय. तो समजून घेईल."

मला तिचा हेवा वाटला. पहिलं कार्ड घेऊन खोटं बोललं, तर नंतर माफी मागायला निदान कोणीतरी आहे. दुसरं घेऊन खोटं बोललं, तर माणसानं जायचं कोणाकडे? तीन दिवस माझ्या डोक्यात हेच घोळत होतं, आणि कबूल करायला हरकत नाही, मन पहिल्या कार्डाकडे झुकायला लागलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा मला देव हवासा वाटत होता, तोही खोटं बोलायला.

गुरुवारी मी दालनाबाहेरच्या बाकावर बसलो होतो. शिक्षिकेची साक्ष संपली. ती कुबड्या सावरत बाहेर आली आणि माझ्याच बाकावर टेकली.

"तुम्ही त्यांच्याकडचे ना?"

मी मान डोलावली. साक्षीदारांनी आपसात बोलू नये, हे रोज मीच लोकांना बजावत असतो.

"मी आत सांगून आले," ती म्हणाली, "माझ्या सायकलीला मागचा दिवा नव्हता. अंधार पडायला लागला होता."

"वकिलांनी विचारलं?"

"नाही. विचारलं कोणीच नाही. पण देवाचं नाव घेतलं होतं ना, मग अर्धंच कसं सांगायचं?"

आता या बाईनं घेतलेलं नाव घेऊन मी कुठल्या तोंडानं आत जाणार होतो? माझी चांगलीच जिरली. तेवढ्यात माझा पुकारा झाला.

तिथला कारकून रोज माझ्यासोबत डबा खाणारा. त्यानं न विचारताच पहिलं कार्ड पुढे केलं.

"दुसरं दे," मी म्हणालो.

"दुसरं कुठलं?"

"खणात बघ, तळाशी असेल."

ते सापडेपर्यंत सगळं दालन खोळंबलं. मागच्या बाकावरून बायको माझ्याकडे बघत होती, एखाद्या अनोळखी माणसाकडे बघावं तशी. मग मी वाचलं, आणि सांगितलं. तो फोन बघत होता. 'अरे, समोर बघ,' असं मी म्हणालोही. त्यानं मान वर केली तोवर उशीर झाला होता. मेहुण्यानं डोळे मिटून घेतले. ज्याला मी सायकल शिकवली, गाडी शिकताना ज्याच्या शेजारी जीव मुठीत धरून बसलो, तोच हा पोरगा. तरी मी वाक्य पुरं केलं.

संध्याकाळी बायको भावाच्या घरून परतली. रोजच्यासारखी पलंगाच्या कडेला बसली आणि डोळे मिटून हात जोडले. चोवीस वर्षं मी हे बघतोय आणि कधी काही विचारलं नव्हतं. आज विचारलं.

"काय मागतेस गं रोज?"

तिनं डोळे उघडले नाहीत. "भावासाठी मागते. आता त्या बाईंसाठीही. आणि तुमच्यासाठी. लग्न झाल्यापासून रोज."

"आज?"

"आज तुमच्यासाठी नाही मागितलं."

ती उठली आणि स्वयंपाकघरात गेली. पलीकडे ऐकणारं कोणी नाही, याबद्दल मला सकाळी शंका नव्हती आणि संध्याकाळीही नव्हती. तरी तिथून माझं नाव गेलं, याचं मला इतकं वाईट वाटलं की दिवा लावायचंही सुचेना. आत ती दोघांची ताटं मांडत होती.