पुढील आदेश येईपर्यंत

त्या रविवारी हिरालाल मेश्रामचा पारा नुसता चढला होता. अफगाणिस्तानात तालिबानने मुलींना सहावीपुढची शाळा आधीच बंद केली होती. आता विद्यापीठांचे दरवाजेही लावून घेतले! मंगळवारी, तीन जानेवारीला, समाजाच्या सभागृहात सावित्रीबाईंची जयंती, आणि मुख्य भाषण हिरालालचं. छत्तीसगडातल्या नवा रायपूरच्या सरकारी कार्यालयातला हा मोठा बाबू, मसुदे लिहिण्यात त्याचा हातखंडा. भनपुरीच्या घरात सकाळपासून त्याने चार कागद भरले होते.

"आत्या, आयक. तुले समजलं म्हंजे सगळ्याइले समजन."

भीमाबाई अंगणात उन्हाला बसून तिवऱ्याची भाजी खुडत होती. रेल्वेच्या दवाखान्यात तीस वर्षं आयाचं काम केलेली ही म्हातारी. अक्षरओळख नाही, पण कान पक्के. म्हणून कुठलंही भाषण हिरालाल आधी तिला ऐकवायचा.

त्याने घसा साफ केला. सुरुवातीलाच त्याने तिथल्या सरकारचं म्हणणं घातलं होतं, ऐकणाऱ्याला चीड यावी म्हणून.

"मुलींचे शिक्षण पुढील आदेश येईपर्यंत थांबवण्यात येत आहे. मुली घरच्या पुरुषाशिवाय लांबून येतात. त्यांचे कपडे योग्य नसतात. मुले-मुली एकत्र बसतात..."

भीमाबाईचे हात थांबले.

"बस कर, हिरा! हे लिहून बी टाकलं तूनं? आता हा कागद कालेजात देऊन राहिला का?"

"कोनता कागद?"

"आपल्या चेतनाचा! एकटी जाते, जीन घालते, पोट्ट्याइसंग शिकते, हेच म्हनला होता ना तू? मी सांगेपर्यंत घरीच राहा म्हने. मले वाटलं, रागात बोलला असन. तूनं तं पक्कं करून टाकलं!"

हिरालाल हसायला गेला, पण हसू काही फुटेना. "आत्या, हे तालिबानचं हाये!"

"असन कोनाचं बी. बोलनं तं तुहंच हाये."

हिरालालने कागदावरच्या ओळी पुन्हा वाचल्या. खरंच की! तीन आठवड्यांपूर्वी मोटारसायकलवरच्या दोन पोरांनी सदर बाजारापासून चेतनाच्या ऑटोचा पिच्छा पुरवला होता. पोरगी विश्वासाने घरी येऊन सांगती झाली. आणि बापाने काय केलं? तिचंच कॉलेज बंद! बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाचा परीक्षेचा फॉर्म भरायची उद्या शेवटची तारीख होती. चेतनाने दोनदा आठवण केली, दोन्ही वेळा त्याने "पाहू" म्हणून टोलवलं होतं.

"ते जुलूम करून राहिले, आत्या. मी काळजी करून राहिलो."

"ते बी काळजीच सांगतेत ना? आताच तं वाचलं तूनं! वाट अडवली पोट्ट्याइनं, सजा पोट्टीले. त्याइच्या गाडीचा नंबर पुसला का? ठान्यात गेला का?" म्हातारीचा आवाज खाली आला. "मले बी माह्या बापानं काळजीनंच घरी बसवलं होतं. वाईट मानूस नव्हता तो. पन मी जन्मभर हजेरीले अंगठा लावला."

हिरालालने हातातले कागद बाजूला ठेवले. मग त्याने चेतनाला हाक मारली.

"उद्या फार्म भरू, बेटा. मी येतो संग."

चेतना हरखेल, असं त्याला वाटलं होतं. ती तशीच उभी राहिली.

"और वो लड़के फिर आए तो? फिर मेरा ही कॉलेज बंद?" तिने विचारलं. "पापा, मेरी दो सहेलियों के साथ भी यही हो रहा है. मेरा हाल देखके उन्होंने घर में बताया ही नहीं."

बापरे! त्याने एकीला घरी बसवलं होतं आणि दोघींची तोंडं बंद झाली होती. हिरालालला स्वतःचीच लाज वाटली.

सोमवारी त्याने रजा टाकली. आधी फॉर्म भरला, मग बापलेक ठाण्यात गेले. तक्रार चेतनाने स्वतः सांगितली, गाडीच्या नंबरासकट. तो तिला पहिल्या दिवसापासून पाठ होता. घरात कुणी विचारलाच नव्हता.

मंगळवारी भरल्या सभागृहात हिरालालने तोच उतारा वाचला. "धिक्कार! धिक्कार!" लोक ओरडले. ते गप्प होईपर्यंत तो थांबला.

"हा आदेश माझ्याही घरात निघाला होता," तो म्हणाला. "तीन आठवडे लागू होता. काल मी तो रद्द केला."

त्याने कागद घडी करून खिशात टाकला.

"तिथल्या मुलींसाठी आवाज उठवाच. पण आधी आपापल्या घरातला आदेश तपासा. काळजीचं नाव दिलं म्हणून मुलीचं पुस्तक हिसकावणं चांगलं ठरत नाही. तिची वाट अडवणाऱ्याला अडवा, तिला नको! आणि घरी येऊन खरं सांगितल्याची शिक्षा तर मुलीला कधीच देऊ नका."

टाळ्या उशिरा वाजल्या, त्याही थोड्याच. बरेच बाप खाली बघत होते. तिसऱ्या रांगेत चेतनाची एक मैत्रीण बसली होती. तिने शेजारी बसलेल्या वडिलांची बाही ओढली आणि हळूच म्हणाली, "पापा, मुझे भी कुछ बताना है."