शिवलीलाची नवी दाढ

आमच्या अत्तींचा, म्हणजे सासूबाई निंगव्वांचा, राखुंडीवर जेवढा भरवसा हाय तेवढा माझ्यावर बी न्हाय. शेणी जाळायच्या, राख वस्त्रगाळ करायची, मीठ मिसळून डबीत भरायची. काळी कुट्ट. रोज बोटानं खसाखसा दात घासतात. घासा की, तुमचे दात हायत. मी कधी तोंड उघडलं न्हाय. पण सोमवारी मला लई राग आला.

त्याचं असं झालं. गेल्या संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेत सगळी पोरं पाळण्यात बसली, आन आमची शिवलीला माझ्या खांद्यावर गाल धरून रडत होती. दुधाची दाढ पार किडलेली. शेवटी नव्या पेठेजवळच्या दिपाली डॉक्टरांनी ती काढली. पोरीचं ते रडणं अजून माझ्या कानातनं जात न्हाय.

तवाच डॉक्टर म्हणाल्या, "सगळ्यात मागे आता नव्या दाढा येतील. त्या पडणाऱ्या नाहीत, जन्मभराच्या आहेत. पूर्ण वर आल्या की आणा. दाढेवरच्या खाचांत अन्न अडकतं आणि तिथूनच कीड लागते. कीड लागायच्या आधीच त्या खाचा बुजवून टाकू."

झालं. रोज पोरीला "आ कर" म्हणायचं आन मोबाईलची बॅटरी लावून बघायचं, हा माझा धंदाच झाला. दाढा वर आल्या. पांढऱ्या स्वच्छ. मी सोमवारची वेळ घेतली.

सोमवारी सकाळी मी आमचं कडक भाकरीचं दुकान उघडायला गेले, म्हणून शिवूला अत्तींनी तयार केलं आन त्या बी आमच्यासंग आल्या. दवाखान्यात पोरगी खुर्चीवर आडवी झाली, तोंड उघडलं, आन मी वाकून बघितलं. चारी दाढांच्या खाचांत काळ्या रेघा.

"किडल्या का हो डॉक्टर?" मी विचारलं. आता परत तेच दुखणं, तेच रडणं, आन ते बी जन्माच्या दाढांना.

डॉक्टर दिवा जवळ ओढून बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "आज सकाळी दात कशानं घासले?"

कोपऱ्यातल्या खुर्चीवरनं अत्ती हळूच म्हणाल्या, "मीच घासले की. डॉक्टरीण बघणार म्हणल्यावर दात चकाचक नकोत व्हय? राखुंडीनं दोनदा घासले."

मी त्यांच्याकडं असं बघितलं की त्यांनी मान खाली घातली. घरी गेल्यावर काय काय बोलायचं ते मी मनात जुळवायला लागले.

डॉक्टरांनी छोट्या फिरत्या ब्रशनं एकेक दाढ साफ केली. तीन दाढांवरच्या रेघा गेल्या. चौथीवरची हलेना. मी शिवूचा पाय धरून उभी होते. डॉक्टरांनी परत ब्रश फिरवला, पाणी मारलं, वारा मारला.

"गेली. एकही दाढ किडलेली नाही."

मी शिवूचा पाय सोडला. डोळ्याला पाणी आलं ते पुसलं बी न्हाय.

"पण बघा," डॉक्टर म्हणाल्या, "चुळा भरूनही राखुंडी निघाली नाही. शेंगाचटणी अशीच बसून राहते."

मग त्यांनी खाचांना औषध लावून धुतलं, कापूस ठेवून दाढा कोरड्या केल्या, पातळ लेप भरला आन निळ्या उजेडानं घट्ट केला. सुई न्हाई, दुखणं न्हाई. जीभ लावायची न्हाई म्हणल्यावर आमची बडबडी एवढा वेळ गप्प बसली, हेच आक्रीत.

"आता हितं कीड लागणार न्हाय न्हवं?" अत्तींनी विचारलं.

"लेपानं बराच धोका टळला. पण पेस्ट-ब्रश दोन्ही वेळा हवा. अधूनमधून दाखवायला आणा, लेप निघाला असेल तर परत लावू."

रिक्षात शिवू आमच्या मधी. मी जुळवलेलं भांडण शोधत होते, ते सापडेना. अत्तींनी पिशवीतनं राखुंडीची डबी काढून माझ्या हातात दिली. पोरीचे दात परत घासायला म्हणून बरोबर आणलेली असणार.

"तुमालाच ऱ्हाऊ द्या," मी म्हणलं, "फकस्त शिवूचा हात पोचणार न्हाय अशा वरच्या फळीवर ठेवा."

"अव्वा," शिवू मला म्हणाली, "यंदा गड्ड्याला मी पाळण्यात बसू?"

माझ्या आधी अत्तीच म्हणाल्या, "बसू की. मी बी बसते तुज्यासंग."

पाळण्याला लई भितात त्या.