तात्यांना समुद्राचं पाणी पाजणारा तांब्या

मित्रांनो, फळीच्या कोपऱ्यात पोचा आलेलं, काळवंडलेलं जे भांडं दिसतंय ना, तो मी. जुना फिरकीचा तांब्या. फिरकीचा म्हणजे झाकण पिळून घट्ट बसणारा. मला उपडा करा, लोळवा, गाडीतून आदळत न्या, थेंब सांडणार नाही. आपली स्तुती आपण करू नये म्हणतात. पण आता दुसरं कोणी करत नाही, म्हणून मीच करतो.

इंदापूरच्या एका तांबटाने मला पितळेच्या पत्र्यातून ठोकून ठोकून घडवलं आणि प्रयागबाईच्या लग्नात मी तिच्याबरोबर बारामतीला आलो. तिचा नीरेच्या कालव्यावर भाजीचा मळा होता. आठवडी बाजारात ती लिंबाखाली वांगी आणि मेथी घेऊन बसायची, आणि मी तिच्या मांडीशी. ती जागा तिच्या सासूपासूनची. चैत्रातसुद्धा तिथं गार सावली असायची.

एकोणीसशे चौतीस साली प्रयागबाई, फुलाबाई आणि साखरबाई या तिघी मैत्रिणींनी ठरवलं, की मुंबई बघायची. समोर उन्हात लसूण विकणाऱ्या हिंदुराव तात्यांना हसू आवरेना. लिंबाखालच्या जागेवर त्यांचा कधीपासून डोळा होता.

"तीन बाया, मुंबईला? दौंडाला गाडी बदलतानाच हरवाल!"

"हरवलो तर दवंडी पिटा, तात्या. आमी समुद्र बघून येणार हाय," प्रयागबाई म्हणाली.

"थापा मारायला कुणाचं काय जातंय? खरी खूण आणा. न्हाय आणली, तर ही लिंबाखालची जागा माझ्या लसणाला सोडायची."

"सोडली! आन् आणली तर?"

"तर तुमी सांगाल ते भर बाजारात ऐकीन."

घ्या! उचलली जीभ, लावली टाळ्याला. पण बाई शब्दाची पक्की. मला चिंचेने लख्ख घासलं, आतून नवी कल्हई करून घेतली आणि आम्ही निघालो.

बारामतीची छोटी गाडी, मग दौंडाहून मोठी. कोणी हरवलं नाही, बरं का! भुलेश्वराजवळच्या एका धर्मशाळेत उतरलो. बरोबर दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि कांदे होते, त्यामुळे खानावळीची पायरी चढावी लागली नाही. राणीच्या बागेत पायी गेलो, पायीच आलो. तिथं हत्ती बघून साखरबाई म्हणाली, "ह्याला आपला ऊस दिला पायजे." ट्रामीत मात्र एकदा बसलो. मुंबईला जाऊन ट्रामीत बसलो नाही, तर गावात तोंड कसं दाखवायचं?

समुद्र शेवटच्या दिवसासाठी राखून ठेवला होता, ताटातला गोड घास राखतात तसा. महालक्ष्मीचं दर्शन घेतलं, मागच्या पायऱ्या उतरलो आणि बघतो तर काय, समुद्र नाहीच! नुसते काळे खडक, शेवाळ आणि चिखल. पाणी कुठं तरी लांब रेघेसारखं चकाकत होतं.

फुलाबाई मटकन खाली बसली. "आटला गं बाई!"

"प्रयागे, गेली तुझ्या सासूची जागा," साखरबाई म्हणाली.

प्रयागबाईने कमरेवर हात ठेवून ते खडक नीट न्याहाळले. मळ्यातला कोरडा पाट ती अशीच बघायची. मग म्हणाली, "आटला न्हाय. खडक अजून वले हायेत. पाळी सपलीय. पाटकऱ्यानं दार पाडलं असंल."

मित्रांनो, आमच्याकडे कालव्याचं पाणी पाळीने मिळतं. पाटकरी दार उघडतो, पाणी येतं. दार पाडतो, पाणी जातं. बाईला दुसरं पाणी ठाऊकच नव्हतं. तिने तिथल्या एका कोळणीला सरळ विचारलं, "बाई, हितला पाटकरी कुठं बसतो? पाणी कवा सोडतो?"

कोळीण हसून हसून पायरीवर टेकली. मग तिने आभाळाकडे बोट दाखवलं. "पाटकरी वर बसतोय गो! तिसऱ्या प्रहरी सोडील."

"गाडी चुकंल!" साखरबाई कुरकुरली.

"पाळी सोडून माळीण घरी जात न्हाय," प्रयागबाई म्हणाली. तिने दशमी काढली आणि खुशाल जेवायला बसली.

आणि खरंच की! तिसऱ्या प्रहरी ती रेघ जाड झाली, खडक एकेक करून बुडायला लागले. "आलं! आलं! पाणी सुटलं!" तिघी मळ्यात ओरडतात तशा ओरडल्या. बाईने कासोटा घट्ट खोचला, दोन पायऱ्या खाली उतरून मला लाटेत बुडवलं. मी नीरा प्यालोय, नरसिंहपूरच्या संगमावर भीमा प्यालोय. पण असा घोट कधी घेतला नव्हता. खारट! आणि त्या घोटाबरोबर काहीतरी गुदगुल्या करत पोटात शिरलं. सांगणार कसं? झाकण लागलं आणि माझी बोलती बंद.

"पाटकऱ्याला राम राम सांगा!" बाई कोळणीला म्हणाली, आणि आम्ही गाडी गाठली.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. लिंबाखाली ही गर्दी! परातीत पाणी ओतलं. तात्यांनी ओंजळभर तोंडात घेतलं आणि "थू! थू!" करत उठले.

"तात्यांना पाणी पाजलं रं!" कोणीतरी ओरडलं.

पण तात्या खमके. "ह्यात काय! मूठभर मीठ घातलं असंल धर्मशाळेत बसून. ही खूण न्हाय. उचला पाटी!"

बाईच्या तोंडचं पाणी पळालं. हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. ती पाटीकडे वाकली. मला रडू आलं, मित्रांनो. एवढ्यात फुलाबाईने उरलेलं पाणी ओतायला मला पुरतं उपडं केलं आणि परातीत टण्णकन आवाज झाला. बोराएवढा शंख. त्याला पाय फुटले आणि तो तुरुतुरु चालायला लागला!

"शंख चालतोय!" तात्या मागे सरकले ते थेट स्वतःच्या लसणावर बसले.

"असला शंख नीरेत बघितलाय कुणी?" प्रयागबाईने विचारलं. सगळा बाजार हसत होता. तात्यांनी मान खाली घातली.

तेव्हा त्यांच्या बायको द्वारकाबाई पुढे आल्या. जन्मात त्या भर बाजारात बोलल्या नव्हत्या. "हितं मरंल बिचारं. त्याला घरी पोचवाया पायजे. मी नेते."

"तू? मुंबईला?"

"तात्या, ऐकणार म्हणाला हुता न्हवं?" प्रयागबाई म्हणाली. "मग उद्या यांचं गाठोडं घेऊन ठेसनावर या."

आले की! डोक्यावर गाठोडं, काखेत मी, माझ्या पोटात त्या शंखोबाचा मुक्काम. छोट्या गाडीत चार बाया बसल्या. शिटी झाली तशा द्वारकाबाई खिडकीतून म्हणाल्या, "भाकरी टोपल्यात हाय. कालवण तुमचं तुमी करा." असा थाट मी पुन्हा पाहिला नाही.

आता मी फळीवर असतो. फिरकी अडकलीय, म्हणून परवा कोणी मला मोडीत घालायचं म्हणत होतं. बाळांनो, जुन्या भांड्यावर हातोडी उगारू नका. दोन थेंब गोडं तेल सोडा आणि धीर धरा. माझ्या तळाशी अजून मिठाची एक पांढरी रेघ आहे. ती पुन्हा भिजायची वाट बघत मी बसलोय, आणि पाळी सोडून मी काही घरी जाणार नाही.