सिंचनाचा जड पाय

मी एक जुना रबरी हातोडा आहे, मित्रांनो. खिळे ठोकणारा नव्हे, गुडघे ठोकणारा. म्हैसूरच्या सरस्वतीपुरममध्ये मेंदू आणि नसांच्या डॉक्टर सुष्मा आहेत, त्यांच्या खिशात मी राहतो. गुडघ्याखाली हलकेच ठोकलं की पाय उडतो, एवढंच मला कळतं. का उडतो ते डॉक्टरांना ठाऊक. पूर्वी पेशंट माझ्याकडे कौतुकानं बघत. हल्ली आल्या आल्या विचारतात, "स्कॅन कधी?" वाईट वाटतं हो.

एकदा सिंचना नावाची पेशंट आली. ब्लाउज शिवणारी तरुण मुलगी, सोबत तिची आई शांताक्का. शिलाई मशीन चालवताना सिंचनाचा उजवा पाय जड पडायचा, मुंग्या यायच्या.

"सुम्ने, उगाच सोंग करते, डॉक्टर. कामाचा कंटाळा, दुसरं काय!" शांताक्का म्हणाल्या. सिंचना मान खाली घालून बसली.

मग माझी पाळी आली. उजवा पाय डाव्यापेक्षा फारच जोरात उडाला. मी गोंधळलो. जो पाय उचलत नाही, तो इतका उडतो कसा?

डॉक्टरांनी विचारलं, "पूर्वी काही झालं होतं? बरं झालेलंसुद्धा सांग."

"गेल्या वर्षी एका डोळ्यानं धूसर दिसायचं," सिंचना पुटपुटली. "दुखायचा पण. मग आपोआप गेलं."

"अय्यो, ते डोळ्याच्या डॉक्टरला सांगितलं की!" शांताक्का म्हणाल्या. "ब्लाउजचं माप पँट शिवणाऱ्याला कोण देतं?"

मलाही ते पटलं होतं. पण डॉक्टर खुर्चीत पुढे सरकल्या. आधी डोळा, मग पाय. दोन वेगळ्या वेळा, शरीरातल्या दोन वेगळ्या जागा. त्यांना एका आजाराची शंका आली, म्हणून त्यांनी मेंदू आणि मणक्याचा एमआरआय सांगितला. त्याच्यासारखेच दिसणारे दुसरे आजार नाहीत ना, हे बघायला रक्त तपासलं, पाठीतलं पाणीही काढलं. हा आजार एकाच तपासणीत पकडता येत नाही म्हणे.

एमआरआयमध्ये डाग दिसले, काही जुने, काही ताजे.

"मल्टिपल स्क्लेरोसिस," डॉक्टर म्हणाल्या. "शरीराची रोगाशी लढणारी ताकद चुकून आपल्याच नसांवरचं आवरण खराब करते. मग मेंदूचा पायावरचा ताबा ढिला पडतो, म्हणून पाय उचलायला जड, पण ठोकला की जास्त उडतो. पूर्ण जात नाही, पण औषधांनी पुढचे हल्ले कमी करता येतात. बरं झालं, आत्ताच कळलं."

मला वाटलं, आता सिंचना रडणार. ती आईकडे वळून एवढंच म्हणाली, "आई, मी सोंग करत नव्हते गं."

रडल्या त्या शांताक्का.

बरा झालेला डोळा आणि जड पाय यांचं नातं मला अजून नीटसं उमगलेलं नाही. पण मित्रांनो, घरात कुणी म्हणालं, पाय उचलत नाही, तर आधी खरं माना. तपासायला आम्ही आहोत.